जळालेला सर्व्हो बरोबर घेऊन जा

पत्र:

ताई, मी यावल तालुक्यातली. 2024 ला मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. त्याच उन्हाळ्यात बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं, भाऊ अजून शाळेत, म्हणून वर्षभर केळीची बाग मीच सांभाळली. पाणी, खत, मजूर, रात्रीच्या लाईटीवर मोटर चालू करणं, सारखा ट्रिप होणारा स्टार्टर दुरुस्त करणं, सगळं. आता चाकणच्या एका ऑटोमेशन कंपनीने ट्रेनी रोबोटिक्स इंजिनिअरच्या जागेसाठी बोलावलंय. बारा दिवस उरलेत. जाहिरातीत इंडस्ट्रियल रोबोट, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि ग्रिपर (रोबोटची पकड) डिझाईन असं लिहिलंय. माझ्या बायोडाटात रॉस (रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर), मॅटलॅब, पायथन, मशीन लर्निंग असं बरंच आहे, पण खरं सांगायचं तर रॉसचे मी फक्त व्हिडिओ पाहिलेत. आमचा चौघांचा प्रोजेक्ट म्हणजे एक केळं उचलून ठेवणारा छोटा रोबोटिक हात. 30 सेंटिमीटर लांब, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, सांध्यांना एमजी996आर सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटर, लावलेला. तो थरथरायचा, मध्येच सर्व्होला हुकूम देणारा अर्डुइनो बोर्ड रिसेट व्हायचा. वेगळा पॉवर सप्लाय दिल्यावर रिसेट थांबलं, पण परीक्षेच्या दिवशी सकाळीच खांद्याचा सर्व्हो जळाला. असा फसलेला प्रोजेक्ट सांगू की लपवू? आणि वाया गेलेल्या वर्षाचं काय सांगू? घरात आम्ही लेवा बोली बोलतो, इंग्रजी बोलताना मी अडखळते. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

सगळ्यात आधी त्या सर्व्होबद्दल बोलू. तो का जळाला हे तुम्हा चौघांना शेवटपर्यंत कळलं नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं, आणि मला ते तसंच सोडून द्यायचं नाहीये. कागद घे.

हात आडवा धरलेला आहे असं समज. टोकाला एक केळं, साधारण 150 ग्रॅम. खांद्यापासून अंतर 30 सेंटिमीटर. खांद्यावर येणारा पीळ, म्हणजे टॉर्क: 0.15 गुणिले 9.81 गुणिले 0.3, सुमारे 0.44 न्यूटन-मीटर. आता हाताचं स्वतःचं वजन. पट्ट्या, स्क्रू, कोपराचा सर्व्हो आणि पकड मिळून 300 ग्रॅम धरू. ते वजन मध्यावर, 15 सेंटिमीटरवर आहे असं मानलं तर पुन्हा 0.44. एकूण 0.88. आता तुझ्या सर्व्होची डेटाशीट काढ. 4.8 व्होल्टला स्टॉल टॉर्क (मोटर अडकून थांबते तेव्हाचा, म्हणजे जास्तीत जास्त टॉर्क) 9.4 किलो-सेंटिमीटर लिहिलेला असतो, म्हणजे साधारण 0.92 न्यूटन-मीटर. पाहिलंस? तुमचा खांदा नुसतं केळं धरून उभा राहायला आपली जवळजवळ सगळी ताकद लावत होता. हलवायला हाताशी काहीच उरलं नव्हतं. म्हणून थरथर. स्टॉलच्या जवळ गेलेली मोटर करंट ओढते, आणि हा सर्व्हो 6 व्होल्टला अडकला तर अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. तुम्ही आधी बहुधा यूएसबीवरून वीज घेत होतात, तिथे 500 मिलीअँपिअरच्या पुढे भरवसा नाही. व्होल्टेज खाली आलं की बोर्ड रिसेट. वेगळा सप्लाय दिल्यावर बोर्ड सुटला, पण सर्व्होला आता हवा तितका करंट मिळायला लागला आणि तो तापत राहिला. त्या सकाळी बहुतेक त्याची गुंडाळी गेली. तुम्ही रोगाचं एक लक्षण बरं केलंत, रोग तसाच राहिला.

आपल्याकडे केळीचा घड कुणी हात लांब करून धरत नाही. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर, मानेला लागून घेतात. मजुराला हे सूत्र कुणी शिकवलेलं नसतं, त्याच्या पाठीला ते कळतं. तुमच्या हातालाही तेच हवं होतं. पट्ट्या आखूड करायच्या, नाहीतर मागच्या बाजूला तोलाला वजन किंवा स्प्रिंग लावायची, नाहीतर कोपराचा सर्व्हो खांद्यापाशी आणून दोरी-पुलीने कोपर हलवायचं. कारखान्यातल्या मोठ्या रोबोटच्या दुसऱ्या अक्षाला, म्हणजे खांद्याच्या सांध्याला, स्प्रिंगचा किंवा गॅसचा बॅलन्सर लावलेला दिसतो, तो याच कामासाठी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर: लपवू नकोस. मुलाखतीत तुझ्या समोर बसणारा माणूस साईटवर गेलेला असेल, तर त्याच्या निम्म्या आयुष्यात काहीतरी थरथरलेलं, रिसेट झालेलं नाहीतर जळालेलं आहे. चालून गेलेल्या प्रोजेक्टबद्दल त्याला विचारायला फारसं काही नसतं. पण 'हे बिघडलं, आम्ही आधी हे समजलो, ते अर्धंच बरोबर होतं, मग मी हिशेब केला' असं सांगणारी मुलगी त्याला कामाची वाटते. वरचा हिशेब माझ्याकडून घेतलास हे सांगायलाही लाजू नकोस. पण बारा दिवसांत तो स्वतः तीनदा करून बघ, हाताचं खरं वजन करून. माझे 300 ग्रॅम अंदाजाचे आहेत.

हे मी एवढं ठासून का सांगते, त्याला कारण आहे. माझी पहिली मुलाखत 2003 सालची. मी अमळनेरची, आमच्या बॅचने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शहरातल्या एका प्रोजेक्ट सेंटरमधून पैसे देऊन तयार आणला होता. रिपोर्ट चकचकीत, प्रोजेक्टची छोटी गाडी सरळ चालायची. समोरच्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला: चाक हाताने दाबून धरलं तर मोटर किती करंट घेईल? मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी आवाजही चढवला नाही, फाईल बंद केली. परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत मी तो प्रश्न मनात घोळवत होते. घरी येऊन ती मोटर उघडली, मीटर लावला, चाक दाबून धरलं. तो आकडा मला आजही आठवतो. त्या दिवसापासून ज्या गोष्टीला माझा हात लागलेला नाही ती मी कागदावर लिहीत नाही.

म्हणून बायोडाटा. आज रात्रीच उघड आणि प्रत्येक शब्दापुढे थांब. याच्यावर मला कोरा कागद दिला तर दहा मिनिटं काही काढून दाखवता येईल का? येत नसेल तर खोड. रॉस काढ. ते लिहिलंस की पुढचा प्रश्न येणारच, रॉस-1 की रॉस-2, आणि पहिल्याची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा आधार मे 2025 मध्येच संपला हे ज्याला ठाऊक नाही त्याने फक्त व्हिडिओ पाहिलेत हे लगेच कळतं. मशीन लर्निंग काढ. पायथनमध्ये तू खरंच काही लिहिलं असशील तर ठेव, आणि काय लिहिलंस ते एका ओळीत लिही. बायोडाटा अर्ध्या पानाचा झाला तर होऊ दे. फिरत्या रोबोटच्या कंपनीत रॉसशिवाय चालणार नाही हे खरं, पण तुझी जाहिरात वाच ना: इंडस्ट्रियल रोबोट, पीएलसी, ग्रिपर. ही सिस्टीम इंटिग्रेटर कंपनी दिसते. म्हणजे रोबोट जपानी किंवा युरोपियन कंपनीचा विकत घ्यायचा, त्याला ग्रिपर बनवायचा, कुंपण, सेन्सर, पॅनेल जोडायचं आणि गिऱ्हाइकाला अख्खा सेल, म्हणजे ती सगळी मांडणी, चालू करून द्यायचा. त्यांचे प्रश्न त्याच कामातून येतील.

उदाहरण मी आपल्या गावाकडचंच देते. जळगावच्या डाळ मिलमध्ये 30 किलोच्या गोण्या पॅलेटवर रचायच्या आहेत, तासाला 600. कोणता रोबोट घेशील? घाईने '30 किलो पेलोडचा', म्हणजे 30 किलो पेलणारा, म्हणणारे पुष्कळ असतात. ग्रिपरचं वजन कोण धरणार? गोणीला खालून बोटं घालणारा ग्रिपर वीस किलोचा सहज होतो, म्हणजे 50 किलो इथेच झाले, आणि त्याचा गुरुत्वमध्य मनगटापासून लांब असेल तर त्याहून मोठा रोबोट लागतो. मग वेळ. 3600 सेकंद भागिले 600, एका गोणीला सहा सेकंद. त्यात जाणं, पकडणं, उचलणं, ठेवणं, रिकामं परत येणं सगळं बसवायचं. नाही बसलं तर एका फेरीत दोन गोण्या उचलता येतील का? तेव्हा पेलोड पुन्हा बदलतो. आणि गोणी एका जागी नीट येते का? तिरकी आली तर? डाळ एका बाजूला सरकली तर? असे प्रश्न तू स्वतःहून उलट विचारलेस तर समोरचा पुढे सरकून बसेल. उत्तर चुकलं तरी चालेल, विचार मोठ्याने कर.

रिपीटॅबिलिटी आणि अ‍ॅक्युरसी यांतला फरक हमखास विचारतात. व्याख्या पाठ करू नकोस, काम आठव. पेंडंट (रोबोट चालवायचा रिमोट) हातात घेऊन रोबोटला एक बिंदू शिकवला, तर तो हजार वेळा त्याच बिंदूवर किती जवळ परत येतो ती रिपीटॅबिलिटी. छोट्या रोबोटमध्ये ती मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. पण शिकवलाच नाही, नुसते आकडे दिले की एक्स इतका, वाय इतका, तिथे जा, तर तो खऱ्या जागेपासून किती चुकतो ती अ‍ॅक्युरसी, आणि ती बहुधा बरीच ढिली असते. म्हणून कॅमेरा लावला किंवा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसून केला की साईटवर डोकेदुखी सुरू होते. शिकवलेल्या बिंदूंवर चालणाऱ्या सेलमध्ये ती जाणवतही नाही.

गणिताला घाबरू नकोस, एवढं एक कर. दोन सांध्यांचा हात काढ, पहिली पट्टी 30, दुसरी 20 सेंटिमीटर. टोक एक्स 30, वाय 20 वर न्यायचं आहे. कोपराच्या कोनाचं सूत्र लाव: दोन्ही सहनिर्देशकांच्या वर्गांची बेरीज 1300, पट्ट्यांच्या वर्गांची बेरीजही 1300, वजाबाकी शून्य, म्हणजे कोसाइन शून्य, कोन 90 अंश. आकृती काढलीस तर डोळ्यांनीच दिसतं: पहिली पट्टी जमिनीला समांतर, दुसरी सरळ वर. पण उणे 90 अंशांनीही तेच टोक गाठता येतं, फक्त कोपर दुसऱ्या बाजूला जातो. दोन उत्तरं. कोणतं घ्यायचं हे गणित सांगत नाही, बाजूचा खांब आणि केबल सांगते. आता टोक 50 सेंटिमीटरवर ने. हात पूर्ण ताठ, उत्तर एकच. 51 वर ने, उत्तरच नाही. तो ताठ हात म्हणजे सिंग्युलॅरिटी, रोबोटचं गणित अडतं अशी स्थिती. स्वतःचा हात भिंतीकडे ताठ करून टोक सरळ मागे-पुढे थोडंसं हलवून बघ, कोपराला एकदम किती वळावं लागतं ते कळेल. सहा अक्षांच्या रोबोटमध्ये दुसरी एक जास्त त्रास देते: पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात, आणि सरळ रेषेत चाललेला रोबोट मध्येच चौथा अक्ष गरकन फिरवायला जातो किंवा एरर देऊन थांबतो. उपाय विचारतील. बिंदू थोडा सरकव, ग्रिपरचा माऊंटिंग कोन बदल, किंवा तिथली हालचाल सरळ रेषेऐवजी जॉइंट मूव्हने, म्हणजे प्रत्येक सांधा आपापला फिरवून, कर. सांध्यांची मांडणी लिहायचे डेनाव्हिट-हार्टेनबर्गचे तक्ते वेळ उरला तर बघ. पीआयडी (चूक मोजून ती कमी करत नेणारी कंट्रोलची पद्धत) तुला कॉलेजमधून येत असेल, एकदा चाळ.

पीएलसीसाठी कोडेसिसचं सॉफ्टवेअर मोफत उतरवता येतं, त्यात सिम्युलेशनही आहे. हार्डवेअर नको. रोबोट 'मी तयार आहे' म्हणतो, पीएलसी 'गोणी आली' म्हणतो, रोबोट 'उचलली' म्हणतो, एवढीच देवाणघेवाण लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या आकृत्यांच्या भाषेत, लिही. मग स्वतःला विचार: 'उचलली' आलंच नाही तर? टायमर लाव, अलार्म दे. शिकायचं ते या 'आलंच नाही तर'मध्येच आहे.

सुरक्षेवर मात्र मी जरा थांबणार. बहुतेक मुलं इथे 'सर, हेल्मेट, शूज' म्हणून मोकळी होतात. रोबोट शिकवताना मॅन्युअल मोडमध्ये टोकाचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, हे लक्षात ठेव. पेंडंटच्या मागे एक स्विच असतो, त्याला तीन जागा असतात. सोडला की मोटर बंद. अर्धा दाबून धरला की चालू. घट्ट आवळला की पुन्हा बंद. असं का, हे कुणी विचारलं नाही तरी तू सांग: घाबरलेला माणूस एकतर हातातलं सोडून देतो, नाहीतर मूठ आवळतो. दोन्ही वेळा रोबोट थांबला पाहिजे. 25 जानेवारी 1979 ला अमेरिकेत मिशिगनमधल्या एका ओतशाळेत रॉबर्ट विल्यम्स नावाचा कामगार रॅकवरचे भाग काढायला वर चढला आणि रोबोटच्या हाताचा फटका बसून गेला. वय 25. रोबोटमुळे मृत्यू झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. मी साईटवर कुंपणाच्या आत पाऊल टाकताना दर वेळी गेटची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकते. दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आता ते 'वाया गेलेलं' वर्ष. पोरी, हा शब्द तू पुन्हा वापरू नकोस. तुझा स्टार्टर का ट्रिप व्हायचा? लाईट रात्री येते, तीनपैकी एक फेज जाते, मोटर घूं करत उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढते, आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा स्विच) सोडून देतो. कधी ओव्हरलोड रिलेचं सेटिंग चुकीचं असतं, कधी कॉन्टॅक्टरचे संपर्क काळे पडलेले असतात. तू बॅटरीच्या उजेडात हे शोधलंस. चाकणच्या कंपनीच्या पॅनेलमध्ये हेच कॉन्टॅक्टर, हेच ओव्हरलोड रिले आणि फेज फेल्युअर रिले बसलेले असतात, फक्त पेटीला धूळ कमी. गॅपबद्दल विचारलं की एका वाक्यात बाबांचं ऑपरेशन सांग आणि लगेच स्टार्टरवर ये. कोणता बिघाड, तू आधी काय तपासलंस, मीटर कुठे लावलास. दया येईल असं काही बोलू नकोस, गरज नाही. वर्षभर मजुरांची हजेरी, पाण्याच्या पाळ्या आणि कापणीच्या दिवशी ट्रकची वेळ सांभाळलेल्या मुलीला साईटवर चार फिटरशी बोलायला भीती वाटणार नाही, हे समोरच्यालाही कळेल.

भाषेचं म्हणशील तर तांत्रिक शब्द सगळे इंग्रजीच आहेत, ते तुला येतातच. अडतं ते मधल्या क्रियापदांवर. संध्याकाळी बाबांना लेवा बोलीत सांगून बघ की हात ताठ झाला की रोबोट का अडतो. त्यांना पटलं तर तुला समजलंय. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत म्हण, मोठ्याने, आरशापुढे नाही, बागेत फिरत. मुलाखतीत अडलीस तर कागद ओढून आकृती काढ आणि बोट ठेवून बोल. तरीही नाहीच जमलं तर 'हे मराठीत सांगितलं तर चालेल का' असं सरळ विचार. चाकणमध्ये पॅनेलवर मराठी माणूस असण्याची शक्यता दांडगी आहे.

एक प्रश्न तुला मुलगी म्हणून विचारतील, मलाही विचारला होता: साईटवर रात्री थांबावं लागतं, जमेल का? खरं आहे, कारखान्याची लाईन बंद असते तेव्हाच नवा सेल बसवतात, म्हणजे रविवार, दिवाळीची सुट्टी, रात्रपाळी. घरी आधी बोलून घे, म्हणजे उत्तर तुझं असेल. आणि मग तूही विचार: बाहेरगावी राहायची सोय कशी असते, रात्री ने-आण कोण करतं, टीममध्ये आणखी बायका आहेत का. हे विचारल्याने कुणी नोकरी नाकारत नाही. बाँड पुढे केला तर घरी नेऊन वाचते म्हण. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, दाखव आणि परत घे.

आदल्या दिवशीच निघ. भुसावळहून पुण्याची गाडी घेतलीस तरी स्टेशनपासून चाकण पुन्हा लांब आहे, आणि सकाळी भोसरी, मोशी, चाकण चौक या रस्त्यावर एक तास कसा जातो कळत नाही. नाशिकमार्गे बसने आलीस तर तीच बस चाकणवरून जाते. ओळखीचं कुणी असेल तर आदली रात्र तिथेच काढ.

तो हात डब्यात घालून बरोबर ने. पट्ट्या खोल, सर्व्हो कागदात गुंडाळ, टेबलावर दोन मिनिटांत जोडता आला पाहिजे. आणि जळालेला सर्व्हो फेकला नसशील तर तोही घे. वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी चिकटवून: लागणारा टॉर्क 0.88, मिळणारा 0.92. तुझं खरं वजन येईल ते आकडे घाल.